सुलट बाजू घाणीकडे

मी गाळणी बोलतेय. चहाची नव्हे, हे आधीच सांगते. चहाच्या गाळणीची ऐट वेगळी. तिला दांडा असतो, स्वतःचा खिळा असतो, आणि ती जागेवर नसली की घरभर तिच्या नावाने आरडाओरडा होतो. माझ्या नावाने कधी कुणी ओरडलेलं नाही, कारण मला धड नावच नाही. जिने मला घडवलं ती मला 'मेंब्रेन' म्हणते. तिच्या सासूबाई 'साय' म्हणतात. आणि सासरे, ज्यांना लहानथोर सगळेच अण्णा म्हणतात, ते बरेच दिवस मला 'फडकं' म्हणत होते.

फडकं म्हटल्याचा मला तेव्हा राग आला होता. पुढे कळलं की अण्णा रंगारी आहेत, आणि ते जेवढं प्रेम फडक्यांवर करतात तेवढं माणसांवरही करत नाहीत.

दिसायला मी खरोखरच दुधावरच्या सायीसारखी आहे. पांढरी, पातळ, मऊ. एका अंगाने गुळगुळीत आणि चकचकीत, दुसऱ्या अंगाला कापडाचं अस्तर. माझ्या अंगभर भोकं आहेत, पण इतकी बारीक की तुम्ही भिंगातून बघितलंत तरी मी कोरी करकरीतच दिसेन. त्या भोकांतून पाणी पलीकडे जातं, रंग जात नाही. म्हणजे बघा, मला अगणित तोंडं आहेत आणि त्यातल्या एकानेही बोलता येत नाही. त्यामुळे जे घडलं ते मी नुसतं ऐकत राहिले. एकदा तर असं झालं की काय चुकलंय ते सगळ्या घरात फक्त मला ठाऊक होतं, आणि मी गप्प. त्या दिवसाचीच गोष्ट सांगायची आहे. पण आधी जन्म सांगावा लागतो, अशी रीत आहे.

माझा जन्म एका काचेवर झाला.

ती प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली होती. खिडकीशी बेसिन, भिंतीला लागून टेबलं, आणि 'येथे खाऊ नये' असं लिहिलेल्या पाटीखाली बिस्किटांचा पुडा. तिथे ती काम करायची. तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. बोलणं कमी, बघणं जास्त. तिच्या सरांना तिचा हा स्वभाव आवडायचा आणि कधीकधी त्याची धास्तीही वाटायची, कारण ती महिनाभर गप्प राहून मग एकच वाक्य बोलायची.

असंच एक वाक्य माझ्या जन्माचं कारण ठरलं.

माझ्या जातीच्या बहुतेक गाळण्या ज्या द्रवात विरघळवून बनवतात, त्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की माणसाने नाक धरून खिडकीकडे पळावं. गाळणी तयार झाली की तो द्रव उरतो, आणि तो कुठे टाकायचा हा प्रश्नही उरतो. एक दिवस ती सरांना म्हणाली, "सर, हे म्हणजे आपलं अंगण झाडायचं आणि कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटायचा, तसं झालं."

सर चिडले. "मग काय मिठाच्या पाण्यात बनवणार आहेस?"

"हो," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. तिची थट्टा करायला ते बोलले होते, आणि तिने ते कामाला लावलं.

मी कशी बनले ते सोप्या शब्दांत सांगते. माझ्यात दोन प्रकारच्या साखळ्या आहेत, लांबच लांब, आणि दोघींचे स्वभाव अगदी उलट. उलट स्वभाव एकमेकांना ओढतात, हे तुम्ही घरोघरी पाहिलंच असेल. साध्या पाण्यात या दोघी समोरासमोर आल्या की लगेच एकमेकींना घट्ट मिठी मारतात आणि नुसता गोळा होतो. पण पाण्यात भरपूर मीठ घातलं की मिठाचे कण त्यांच्यामध्ये येऊन उभे राहतात. लग्नघरात नवरा एका खोलीत, नवरी दुसऱ्या खोलीत, आणि मधे मावश्या, काका, आतेभाऊ, कुणाचीतरी रडणारी मुलं. भेटणार कसे? तसं ते मिश्रण शांत, पातळ आणि पसरवण्याजोगं राहतं.

तिने ते काचेवर ओतलं. काचेवर आधीच अस्तराचं कापड ताणून बसवलेलं होतं. मग एका सरळ धारेच्या पट्टीने तिने मला एका दमात पसरवलं. मधे थांबलं की वळ उठतो, म्हणून ती त्या वेळी श्वाससुद्धा रोखून धरायची. आणि मग मला काचेसकट साध्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवलं.

पाहुणे निघाले. मीठ हळूहळू पाण्यात निघून गेलं, आणि त्या दोघी, म्हणजे मीच, पहिल्यांदा एकमेकींना भेटल्या. काचेवरचा तो पारदर्शक थर पांढरा होत गेला, घट्ट झाला, आणि एका कोपऱ्यातून अलगद सुटून आला. मी जगात आले. कुठेही वास नाही, धूर नाही. फक्त ट्रेमधलं पाणी खारट झालं होतं, आणि तेही तिने पुढच्या वेळेसाठी बाटलीत भरून ठेवलं.

"आली का?" सरांनी विचारलं.

"आली," ती म्हणाली. एखाद्या घरात मुलगी झाल्यावर बोलतात, अगदी त्याच आवाजात.

माझा एक नियम आहे: मी सुकता कामा नये. सुकले की भोकं मिटतात आणि मग मी खरोखरच फडकं. म्हणून तिने मला पाण्याने भरलेल्या एका स्टीलच्या डब्यात ठेवलं. त्या डब्यात आधी तिचं जेवण यायचं. त्याच सुमारास तिचं लग्न झालं, आणि तिच्या सामानाबरोबर मीही सासरी आले.

सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्याच संध्याकाळी सासूबाईंनी तो डबा उघडला.

"अगं, डब्याला हातही लावला नाहीस? आणि हे काय, नुसतं पाणी आणि वर साय!"

"आई, ते जेवण नाही. ते माझं काम आहे."

सासूबाईंनी डबा परत बंद केला. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "फ्रिजमध्ये ठेवू की बाहेर?"

त्या क्षणापासून मला सासूबाई आवडायला लागल्या. काय आहे ते कळलं नाही तरी चालेल, पण नासता कामा नये, अशी ती माया.

आता घराबद्दल सांगते. घराच्या मागच्या अंगाला कापड रंगवायचा छोटा कारखाना होता. घरचे त्याला रंगखाना म्हणत. मोठी भट्टी, तिच्यावर उकळते हौद, वर टांगलेले ओले तागे, आणि कायम वाफ. ती आत पाऊल टाकायची तोच तिच्या चष्म्यावर वाफ धरायची, आणि ती आंधळ्यासारखी हात पुढे करून उभी राहायची. तिचा नवरा लांबून ओरडायचा, "काही दिसत नाही तेच बरं! सासर असंच बघायचं असतं!"

"तुझंच तोंड दिसत नाही एवढं बरं आहे," ती हळूच म्हणायची. हे फक्त त्याला ऐकू जायचं आणि तो खूश व्हायचा.

रंगखान्याच्या मागून एक ओढा वाहायचा. कापड धुऊन उरलेलं पाणी अण्णांच्या वडिलांच्या काळापासून त्यात जात होतं. आज रंगखान्यात कुठला रंग चालू आहे ते विचारायला कुणी यायचं नाही, खालच्या वस्तीतले लोक ओढ्याकडे बघून सांगायचे. खाली एक काकू राहायच्या. त्यांच्याकडे बदकं होती. पांढरीशुभ्र, निदान त्यांनी विकत घेतली तेव्हा तरी. पुढे ती ऋतूप्रमाणे रंग बदलायला लागली. शेवटी एक दिवस काकू एक गडद निळं बदक काखोटीला मारून सरळ प्रदूषणाच्या कचेरीत गेल्या आणि ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. बोलायची गरजच पडली नाही.

कचेरीतून तपासनीस बाई आल्या. त्यांनी ओढा बघितला, बदक आधीच बघितलं होतं. म्हणाल्या, "अण्णा, तुमचं वय बघून एक संधी देते. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा एका तरी नळातून स्वच्छ पाणी येताना दाखवा, म्हणजे बाकीच्यासाठी मुदत देता येईल. नाहीतर भट्टी विझवायची."

अण्णा नंतर सासूबाईंना म्हणाले, "भट्टी विझवायला काय लागतं? बादलीभर पाणी. पण विझलेली भट्टी पेटत नाही गं. माणसं जातात, गिऱ्हाईक जातं, हाताची सवय जाते."

जेवताना कुणी मान वर केली नाही. तेव्हा ती, म्हणजे घरातलं सगळ्यात नवीन माणूस, महिनाभरात जेवढं बोलली नव्हती तेवढं एकदम बोलली. "माझ्या डब्यात जी आहे ना, ती रंग अडवते. पाणी पुढे जातं, रंग मागे राहतो. मागे राहिलेला रंग परत हौदात घालता येईल. सगळ्या पाण्याला अशा पुष्कळ लागतील. पण एका नळापुरती ही एक पुरेल."

अण्णांनी मला डब्यातून काढायला लावलं. तळहातावर घेतलं, अंगठा फिरवला. "हे फडकं? हे माझा निळा अडवणार? या निळ्याने या घरातली भिंत सोडलेली नाही, माझी नखं सोडलेली नाहीत."

"बघू या," ती म्हणाली.

माझ्यासाठी दोन जाड पत्र्यांची चौकट बनवायची होती. एका बाजूने पंपाचं रंगीत पाणी आत येणार, मधे मी, दुसऱ्या बाजूच्या नळातून स्वच्छ पाणी बाहेर. चौकटीचं काम वेल्डरकडे दिलं. आता वेल्डर ही काय चीज आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. 'उद्या नक्की' हे त्याचं आडनाव असावं. तपासनीस बाई दुपारी येणार, आणि चौकट आली त्याच दिवशी सकाळी. तरी तिने घाई केली नाही. दाब मोजायचा काटा प्रयोगशाळेत राहिला होता. "मी घेऊन येते," ती म्हणाली, "आले की मग बसवू. अण्णा, हिला डब्यातून काढू नका हं."

ती गेली. अण्णा भट्टीभोवती दोन फेऱ्या मारून आले. मग डब्यापाशी आले. मग परत भट्टीकडे गेले. ज्याची भट्टी पणाला लागली आहे तो माणूस डब्याकडे बघत स्वस्थ कसा बसणार? शेवटी त्यांनी हात धुतले, स्वच्छ पुसले आणि डबा उघडला.

खरं सांगते, मला इतक्या प्रेमाने आजवर कुणी उचललं नव्हतं. त्यांनी अंगठ्याने एकदाच मला चाचपलं आणि चकचकीत अंग कुठलं, अस्तर कुठलं ते त्यांना न बघता कळलं. स्वतःशीच पुटपुटले, "ही सुलट, ही उलट." मग मला चौकटीत ठेवताना अगदी हळू म्हणाले, "सुनेच्या हातची वस्तू आहे. हिची सुलट बाजू मळता कामा नये."

आणि माझी चकचकीत बाजू त्यांनी आत, म्हणजे स्वच्छ नळाकडे केली. अस्तर घाणेरड्या पाण्याकडे. आणि बोल्ट आवळले.

मी माझ्या सगळ्या तोंडांनी ओरडले. काय उपयोग!

माझ्यात गाळायचं काम करतो तो फक्त वरचा चकचकीत पापुद्रा. तो रंगाच्या समोर असायला हवा, म्हणजे रंग त्याच्यावर आपटून बाजूने वाहून जातो. अस्तर नुसतं आधाराला. ते जाळीदार, ढिलं. त्याला रंगीत पाण्यापुढे उभं केलं तर रंग त्याच्या पोटात शिरतो आणि मधेच अडकून बसतो. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही.

तसंच झालं. ती परत आली तेव्हा अण्णा दारातच उभे होते, बक्षीस मिळालेल्या मुलासारखे. "बसवून टाकलं! बघ, तुझं काम हलकं केलं." तिने बोल्ट तपासले, सगळे सारखे आवळलेले होते. तिने काटा लावला, नवऱ्याने पंप चालू केला. सगळे नळाकडे बघत राहिले.

टप्. बऱ्याच वेळाने, टप्. आणि तो थेंबही निळसर.

"जरा वेळ लागत असेल," तिचा नवरा म्हणाला.

जरा वेळ गेला. टप्.

तिने सरांना फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत नव्हता, पण ती "हो सर, हो सर" म्हणत होती, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे मिश्रणच बदलावं लागेल." प्रयोगशाळेतल्या नीटनेटक्या पाण्यात जे जमतं ते बाहेरच्या उकळत्या जगात जमेलच असं नाही, असं काहीतरी सर सांगत असणार. सर म्हणतात तशी वाक्यं. तिनेही ते लगेच मानलं. काहीही बिघडलं की आधी स्वतःचा हात तपासायचा, ही तिची जुनी सवय. चौकट उघडून बघावं असं तिच्या मनात आलंच नाही. ती मनातल्या मनात मिठाचं प्रमाण तपासत बसली.

कुणी तिला एक शब्द बोललं नाही, हे त्यातलं सगळ्यात वाईट. टोमणा मारला असता तर निदान उत्तर देता आलं असतं. अण्णा म्हणाले, "तुझा दोष नाही पोरी. आमचं पाणीच तसलं." आणि त्यांनी भट्टीत नवं लाकूड घालायचं थांबवलं. ते मला आतूनही कळलं, कारण आवाज बंद झाला. त्या रंगखान्यात भट्टीचा आवाज म्हणजे घरातल्या घड्याळासारखा. थांबल्यावरच ऐकू येतो.

"इकडे ये," सासूबाईंनी तिला हाक मारली. "नुसती बसून राहिलीस तर डोकं फिरेल. हे तागे घडी करायला घे माझ्याबरोबर."

माझ्या चौकटीच्या शेजारीच घडीचं लांब टेबल होतं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. कापडाचा सळसळाट, आणि मग सासूबाईंचा आवाज:

"अगं, अगं! हे काय करतेस? सुलट बाजू बाहेर?"

"का? छान दिसते ना."

"दिसते छान, आणि मळतेही छान! रंगाऱ्याच्या घरात सुलट बाजू नेहमी आत. बाहेर राहते ती उलट. मळायचं ते तिने मळायचं. अण्णांनी बघितलं असतं तर तुला पहिल्यापासून घडी शिकवली असती."

"सगळ्यांना असंच शिकवलंय?"

"सगळ्यांना? अगं, ते स्वतःचा हातरुमाल असाच ठेवतात. मोजे उलटे करून ठेवतात, मोजे! लग्नात त्यांनी माझ्यासाठी शाल आणली होती ना, ती इतकी जपून आत घडी करून दिली की मला वाटलं करड्या रंगाची आहे. दोन दिवस मी तोंड पाडून बसले होते. उघडली तर आत ही अशी केशरी!"

सळसळाट थांबला.

ती काहीच बोलली नाही. पण ज्याला तिचं गप्प बसणं ऐकता येतं, त्याला त्यातलेही फरक कळतात. इतका वेळचं गप्प बसणं खाली चाललेलं होतं. हे वर आलं.

"आई," ती म्हणाली, "जपून ठेवायची वस्तू असली की अण्णा सुलट बाजू आत ठेवतात?"

"जितकी लाडकी वस्तू, तितकी आत."

टेबलावर कापड तसंच पडलं. तिची पावलं माझ्याकडे आली. "अण्णा, पाना द्या ना जरा."

"कशाला? मी नीट आवळलंय."

"आवळलंय अगदी नीट. मला फक्त बघायचंय."

पंप बंद झाला, बोल्ट सुटले, आणि उजेड आला. ती माझ्याकडे वाकून बघत होती. तिच्या चष्म्यावर वाफ होती, तरी तिला दिसलं. अस्तर गडद निळं झालेलं, आणि त्याच्याखाली, स्वच्छ नळाकडे तोंड करून, माझी चकचकीत बाजू अगदी कोरी. तिच्यावर डागही नव्हता. अण्णांनी जपली होती ना.

तिने तळहात तोंडावर ठेवला. मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत.

"काय झालं?" अण्णा जवळ आले. "बरोबरच आहे की. सुलट आत घातलीय मी. तुझ्या हातचं काम, म्हटलं मळायला नको."

"अण्णा," ती म्हणाली, "हिचं कामच मळायचं आहे."

अण्णांनी वाकून निळ्या अस्तराला बोट लावलं.

"हिची सुलट बाजू आहे ना, तीच रंगाशी भांडते. ती घाणीकडे हवी. तिला आपण मागे लपवली, आणि बिचाऱ्या अस्तराला पुढे उभं केलं."

अण्णा हौदाच्या कडेवर बसले. एका रंगाऱ्याला जन्मभराची घडी उलटी घालायला सांगितली, तर थोडा वेळ द्यावाच लागतो. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे फाटलं हे? संपलं?"

"नाही. अजून सुकलेली नाही. उलटवू या."

"उलटवू नको, सुलटव," मागून सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दारात आवाज झाला. तपासनीस बाई आल्या होत्या, आणि त्यांच्यामागे काकू, काखेत बदक. आज ते हिरवट होतं.

तिने मला फिरवून बसवलं, बोल्ट पुन्हा आवळले, आणि नवऱ्याने पंप चालू केला. आता माझं तोंड बरोबर दिशेला होतं. पण पोटात सकाळपासून अडकलेला रंग होता, तो आधी बाहेर पडणारच. नळातून भस्सकन पाणी आलं आणि ते असं गडद निळं, की हौदातल्या पाण्यानेही लाजावं.

तपासनीस बाईंनी नळाकडे बघितलं, मग अण्णांकडे. काकूंनी बदक दुसऱ्या काखेत घेतलं. "बघा!" त्या म्हणाल्या. "मी काय सांगत होते?"

अण्णा उठले. पाण्याची बादली उचलली आणि भट्टीतले उरलेले निखारे विझवायला निघाले. त्यांनी कुणाकडेही बघितलं नाही.

"अण्णा, थांबा." तिचा आवाज एवढा मोठा असू शकतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बहुतेक तिलाही नसावं. मग ती तपासनीस बाईंकडे वळली. "हे जुनं अडकलेलं निघतंय. चहा होईपर्यंत थांबाल?"

तपासनीस बाई म्हणाल्या, "साखर कमी."

सासूबाईंनी आधण ठेवलं. नळ चालू होता आणि मी काम करत होते. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी मन लावून. निळा माझ्या चकचकीत अंगावर येऊन आपटत होता, आत शिरायला बघत होता, आणि मी त्याला म्हणत होते, तू नाही रे बाबा, फक्त पाणी. नव्या सुनेचं आणि माझं काम एकच, हे मला त्या वेळी कळलं. समोरून येईल ते सगळं अंगावर घ्यायचं, पण सगळंच आत घ्यायचं नाही.

नळाचं पाणी निळं होतं. मग आकाशी झालं. मग नुसता निळा भास उरला. चहा कपात ओतला गेला तेव्हा नळाखाली भरून वाहणाऱ्या बादलीचा तळ दिसत होता, आणि तळाशी पडलेला एक जुना गंजका खिळाही.

"दिसायला स्वच्छ आहे," तपासनीस बाई म्हणाल्या. "आमची तपासणी वेगळी होईल. पण दिसायला तरी…"

"दिसण्यावर नाही जायचं," अण्णा म्हणाले. त्यांच्या हातात अजून भट्टी विझवायची बादली होती. ती त्यांनी खाली ठेवली. घडीच्या टेबलावरून त्यांनी पांढऱ्या कापडाचा एक तुकडा टर्रकन फाडला, नळाखाली धरला, पिळला, पुन्हा धरला, पुन्हा पिळला. मग दारात जाऊन उजेडात उलगडला. रंग कळायला त्यांना कसला काटा लागत नाही, उजेड लागतो.

पांढरा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पांढरा.

अण्णा तो तुकडा धरून उभे राहिले. मग म्हणाले, "कापडाला रंग चढला नाही, म्हणून खूश व्हायची ही माझी पहिलीच वेळ."

तपासनीस बाईंनी मुदत दिली. काकू जाताना म्हणाल्या, "मी रोज बघणार आहे हं, ओढ्याकडे." अण्णा म्हणाले, "बघाच. आणि बदकाला एकदा साबणाने धुवा." काकूंनी बदकाच्या वतीने नाक मुरडलं.

त्या संध्याकाळी अण्णांनी ब्रश घेतला आणि माझ्या चौकटीवर, न जाणाऱ्या लाल रंगात, मोठ्या अक्षरांत लिहिलं: सुलट बाजू घाणीकडे. खाली एक बाण काढला. "माझ्यासारखा आणखी कुणी शहाणा निघाला तर," ते म्हणाले. आणि मग सुनेकडे न बघता म्हणाले, "तुझी ही मेंब्रेनबाई चिवट आहे हो."

फडक्याची बाई झाले! मी हे विसरणार नाही.

त्यानंतर माझ्यासारख्या बऱ्याच जणी आल्या. ती प्रयोगशाळेत बनवायची, सर चष्मा पुसत बघायचे, आणि डब्याडब्यांतून त्या घरी यायच्या. आता भिंतीला लागून चौकटींची अख्खी रांग उभी आहे. स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा कापड धुवायला जातं, अडवलेला रंग पुन्हा हौदात. ओढ्याकडे बघून कुठला रंग चालू आहे ते आता कुणाला सांगता येत नाही. लोकांना रंगखान्यात येऊन विचारावं लागतं, आणि आले की चहा प्यावा लागतो. काकूंच्या बदकांनी जुनी पिसं गाळली आणि नवी आली ती पांढरी. एका बदकाच्या शेपटीत एक निळं पीस आहे, पण काकू म्हणतात ते जन्मजात आहे.

घरात एक बदल झाला. घडीच्या टेबलावर सुलट बाजू अजूनही आतच असते, तो नियम कापडासाठी ठीक आहे. पण सासूबाईंनी ती केशरी शाल कपाटातून काढली, आणि आता ती केशरी बाजू बाहेर ठेवून अंगावर घेतात. अण्णा म्हणतात, "मळेल." त्या म्हणतात, "मळू दे."

आणि मी? मी थकले. पुष्कळ रंग अंगावर घेतले, कितीही धुतलं तरी भोकं आता पूर्वीसारखी उघडत नाहीत. मी निळी, जांभळी, मधेच लालसर झाले आहे. आज दुपारी तिने मला चौकटीतून काढलं आणि त्याच जुन्या डब्यात ठेवलं. नवऱ्याने विचारलं, "आता हिला फेकायची?"

"फेकायची कशाला? मिठातून आली, मिठात जाईल."

उद्या ती मला भरपूर मिठाच्या पाण्यात ठेवणार आहे. रंग चढावा म्हणून रंगखान्याच्या पाण्यातही मीठ घालतात, ते मला काही करू शकलं नाही, तेवढ्याशाला मी दाद देत नाही. पण हे मीठ पुष्कळ असणार. पुन्हा पाहुणे येतील, दोघींच्या मधे उभे राहतील, मिठ्या सुटतील. अस्तर बाजूला निघेल, आणि मी काचेवर पुन्हा पसरायला तयार होईन. नव्या मला थोडी निळसर झाक येईल, असं ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "राहू दे ती. घरची खूण आहे."

तेव्हा हा निरोप आहे आणि नाहीही. जाताना तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्या मोरीतून, बादलीतून, पिंपातून जे पाणी बाहेर जातं, ते कुठे जातं ते कधीतरी मान वळवून बघा. तिथेही कुणाचीतरी बदकं असतील. आणि माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी कामाला आली, तर तिला जपून, पुसून, आत लपवून ठेवू नका. तिची चांगली बाजू जिथे घाण आहे तिकडे करा, बोल्ट नीट आवळा, आणि पहिलं पाणी निळं आलं तरी चहा होईपर्यंत थांबा.